वसुलीच्या वहीतले आजोबा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी 'घराण्याचा शोध' असे सांगितले. चिटणीस जरा गप्प झाले. त्यांची अपेक्षा बोनस, कंत्राटी कामगार, किमान वेतन अशा एखाद्या विषयाची असावी. युनियनच्या माणसाने वंशावळीवर बोलावे, हे खाटकाने तुळशीच्या लग्नावर बोलण्यासारखे त्यांना वाटले असले तर त्यांचा दोष नाही. वंशावळ हा आजवर वतनदारांचा विषय. ज्याच्या आजोबांच्या नावाने सनद असते, त्याने आजोबांविषयी बोलावे. ज्याच्या आजोबांच्या नावाने फक्त बाकी असते, त्याने गप्प बसावे, असा रिवाज आहे.

मी विद्वान नव्हे. 1982 सालचा गिरणीसंप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. पुढे सातवीत शाळा सुटली ती कायमची. जे वाचले ते युनियनच्या कपाटातले आणि फुकट वाचनालयातले. मोडी लिपी शिकलो ती वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, चष्मा लागल्यावर. का शिकलो, ते ओघाने सांगेन.

आपल्या राज्यात 2023 साली एक गोष्ट घडली. मराठा समाजातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली जुनी दप्तरे उघडली. खासरापत्रक, पाहणीपत्रक, कुळांची नोंदवही, जन्ममृत्यूचे रजिस्टर, ही नावे घरोघरी ऐकू येऊ लागली. मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना एकाएकी भाव आला. त्या वादात मला आज शिरायचे नाही. पण लक्षावधी साध्या माणसांना प्रथमच कळले, की आपले पणजोबा कुठल्यातरी कागदावर बसून आहेत. मला बोलायचे आहे ते या कागदावर. तो कोणी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि लिहिताना कोणाला वगळले?

ज्यांना वतन होते त्यांचे काम सोपे आहे. वतनाचा तंटा झाला की महजर होई, करीना लिहिला जाई, सात पिढ्यांची नावे सांगावी लागत. इंग्रजांनी 1852 च्या कायद्याने इनाम कमिशन बसवले, तेव्हा इनामदारांना हक्क शाबीत करण्यासाठी पुन्हा कागद काढावे लागले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असले रुमाल रचून ठेवलेले आहेत. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी बैल घेऊन दारी येतो आणि पोथीतून घराण्याची नावे वाचून दाखवतो. नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावे सापडतात. पण ज्याच्याजवळ वतन नव्हते, हेळव्याला द्यायला धान्य नव्हते आणि यात्रेला जायला सवड नव्हती, त्याचे नाव कोणी लिहिले?

लिहिले आहे. ज्याला त्याच्याकडून काही घ्यायचे होते, त्याने लिहिले. खोताने लिहिले, कारण धान्य घ्यायचे होते. सरकारने लिहिले, कारण सारा घ्यायचा होता. गिरणीने लिहिले, कारण अंगमेहनत घ्यायची होती. गरिबाची वंशावळ वसुलीच्या वहीत असते. ती वाचायची तर वसूल करणाऱ्याचा हात कसा चालतो हे आधी समजून घ्यावे लागते.

सुरुवात घरापासून करू. आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात. घर म्हणजे चिऱ्याचा चौथरा, मातीच्या भिंती, पुढे पडवी, आत माजघर, वर मंगलोरी कौले. आमच्या घरात एक ऐट होती, की आपण कुणा सरदाराच्या पदरचे. एका पावसाळ्याआधी छपर शाकारताना मी एक कौल उलटे करून पाहिले. त्यावर मंगळूरच्या बासेल मिशनचा छाप आणि 1865 हा आकडा! मी हरखलो. म्हटले, 1865 साली ज्याच्या घरावर कारखान्याचे कौल, तो साधा माणूस कसा असेल? चार जणांना सांगूनही टाकले. पुढे वाचनात आले की 1865 हे त्या कारखान्याच्या स्थापनेचे साल, आणि तोच आकडा पुढची कित्येक वर्षे कौलांवर छापला जात होता. माझ्या सरदारकीचे छप्पर असे एका वाक्यात उडाले. मग घरातल्या वृद्ध आत्याने सांगितले, की तिच्या लहानपणी घरावर गवत होते. कौले आली ती आजोबांच्या मुंबईच्या मनीऑर्डरीतून. म्हणजे ते कौल सरदारकीचे नव्हते, गिरणीच्या रात्रपाळीचे होते. मला ते अधिक मोलाचे वाटते.

यातून दोन धडे घेण्यासारखे आहेत. घर वाचताना एका खुणेवर भिस्त ठेवू नये. आणि कागदाकडे जाण्यापूर्वी घरातल्या सर्वात वृद्ध बाईला विचारावे. कागद थांबतो, ती थांबणार नाही.

घरानंतर शेत. कोकणातला गाव बहुधा खोती. सरकारचा सारा खोत भरी आणि कुळांकडून आपला हिस्सा घेई. 1880 च्या खोती कायद्याप्रमाणे पाहणी कामगारांनी गावोगाव बोटखते तयार केली. कूळ कोण, कोणत्या प्रकारचे, खोताला किती द्यायचे, याची ती नोंद. धारेकरी, दुपटकरी, अर्धेली असे कुळांचे प्रकार. यांतला अर्धेली म्हणजे पिकाचे निम्मे देणारा. आमच्या गावचे बोटखत मोडीत होते आणि वाचणारा माणूस दर पानाला पैसे मागत होता, म्हणून मी मोडी शिकलो. खापरपणजोबा सापडले. अर्धेली कूळ. नावापुढे आडनाव नाही. अमुक बिन अमुक एवढेच. बिन किंवा वलद म्हणजे मुलगा, कोम किंवा भ्रतार म्हटले की पुढे नवऱ्याचे नाव. ही तीन-चार अक्षरे ओळखता आली की निम्मे काम झाले.

इथे एक खड्डा आहे, तो सांगून ठेवतो. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात. त्यामुळे समजा रामा बिन धोंडू, त्याचा मुलगा धोंडू बिन रामा, त्याचा पुन्हा रामा बिन धोंडू, अशी साखळी चालते. नुसत्या नावावर गेलात तर आजोबा आणि नातू एकच धरून बसाल. म्हणून प्रत्येक नावाला साल आणि शेताचा नंबर बांधावा. माणसाचे नाव फिरते, शेत जागचे हलत नाही.

मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा 1903 साली झाला. तिथून पुढचा माग फेरफारावरून लागतो. सातबारा सर्वांना ठाऊक आहे, पण तो आजची स्थिती सांगतो. ती कशी झाली ते फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. कोण मेला, मागे कोण राहिले, कोणाला किती हिस्सा. तिथेच एक आखूड खूण भेटते: अ. पा. क. म्हणजे अज्ञान पालन करणार. बाप वारला, मुले अज्ञान, तेव्हा मुलांच्या नावांपुढे अ. पा. क. लिहून आईचे नाव घातलेले असते. आमच्या घराण्यातल्या एका पणजीचे नाव मला या तीन अक्षरांमुळे कळले. तिचा नवरा जगला असता तर ती कुठल्याच कागदावर आली नसती. बाईचे नाव लिहिण्यासाठी घरात प्रेत पडावे लागत होते, ही आपल्या दप्तरांची रीत.

जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना चौदामध्ये, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात. जुन्या वहीत 1918 सालचा पावसाळा संपतानाची पाने मिळाली तर जरा मन घट्ट करून उघडा. त्या साली इन्फ्लुएंझाची साथ आली. एकाच घरातली नावे एकाखाली एक, तारखा लागोपाठच्या.

आता आमच्या घरातले भांडण सांगतो. माझे वडील मरेपर्यंत म्हणत, 'चुलत्याने जमीन खाल्ली.' गोष्ट अशी. खोती 1949 च्या कायद्याने गेली. कूळकायद्याप्रमाणे 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ तिचे मालक मानले गेले. आजोबा त्या वेळी मुंबईत गिरणीत. शेतावर आजी आणि तिचा धाकटा दीर. चिखल, लावणी, कापणी, झोडणी, सगळे दोघांनी केलेले. पीकपाहणीच्या रकान्यात नाव लागले ते एकट्या दिराचे, आणि कलम 32-ग खाली जमीन झाली तीही त्याच्याच नावे. त्यावरून दोन घरांत चाळीस वर्षे बोलणे नव्हते. लग्नाची अक्षत गेली नाही, मयताला खांदा मिळाला नाही.

वडील गेल्यावर मी नकलेचा अर्ज करून त्या प्रकरणाचे कागद मागवले. चोरी सापडेल अशी खात्री होती. त्यात चुलत आजोबांचा जबाब निघाला. खाली अंगठा. त्यात त्यांनी सरळ सांगितले होते, की भाऊ मुंबईस गिरणीत आहे आणि शेत मी व भावजय मिळून करतो. जबाब मी तीनदा वाचला. म्हाताऱ्याने खोटे सांगितले नव्हते. लिहिणाऱ्याच्या रकान्यात एका नावाची जागा होती आणि ते नाव पुरुषाचे असावे अशी त्याची समजूत होती, म्हणून आजीचे नाव गळले. आम्ही चाळीस वर्षे चोर म्हणून ज्याला शिव्या घातल्या, त्यानेच काय ती आजीची साक्ष दिली होती.

ती नक्कल घेऊन मी चुलत्यांच्या घरी गेलो. जमीन मागायला नव्हे. ती गोष्ट केव्हाच मागे पडली होती. पडवीत बसून वाचून दाखवली. कोणी काही बोलले नाही. मग चुलतीने आतून चहा आणला. चाळीस वर्षांनी आलेला तो चहा.

आता जनगणनेकडे वळू. पुष्कळांना वाटते, सरकारने दर दहा वर्षांनी घरोघर माणसे मोजली, तेव्हा आजोबांचे नाव तिथे हमखास मिळेल. विलायतेत तसे मिळते. तिकडे शंभर वर्षांनी घरवार याद्या खुल्या होतात. 1921 सालच्या याद्या 2022 च्या जानेवारीत लोकांना पाहायला मिळाल्या. अमेरिकेत बहात्तर वर्षांनी उघडतात. आपल्याकडे 1872 साली पहिली आणि 1881 साली सबंध देशात एका वेळी अशी गणना झाली, पण घरवार कागद तक्ते तयार झाल्यावर सहसा ठेवले गेले नाहीत. शिवाय 1948 च्या जनगणना कायद्याचे पंधरावे कलम सांगते, की हे कागद कोणालाही तपासायला मिळणार नाहीत आणि दिवाणी दाव्यात पुरावा म्हणूनही चालणार नाहीत. हे कलम वाईट नाही. माणसाने भीती न धरता खरे सांगावे म्हणून ते आहे. एक अपवाद ध्यानात ठेवा. 1951 च्या गणनेबरोबर नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर गावोगाव लिहिले गेले, घरवार आणि नावानिशी. काही तालुक्यांत ते अजून सापडते.

मग नावे नसलेली जनगणना आपल्या काय कामाची? फार कामाची. जुना शब्द खानेसुमारी. खाना म्हणजे घर. जिल्ह्याच्या 1951 व 1961 सालच्या जनगणना पुस्तिकांत गाववार आकडे आहेत. आपल्या गावाची लोकसंख्या काढा, पुरुष किती आणि स्त्रिया किती ते पाहा. देशाची लोकसंख्या 1911 ते 1921 या दशकात वाढण्याऐवजी किंचित घटली. कोतवाल बुकातल्या त्या लागोपाठच्या तारखांचा हा देशभरचा जमाखर्च. रत्नागिरी जिल्ह्यात 2011 सालीसुद्धा हजार पुरुषांमागे अकराशेहून अधिक स्त्रिया निघाल्या. ते अकराशेच्या पुढचे आकडे म्हणजे आमच्या आज्या, आया, बहिणी. पुरुष मुंबईच्या आकड्यात मोजले गेले. जनगणना आजोबांचे नाव सांगत नाही, पण आजोबा घरी का नव्हते ते सांगते. पीकपाहणीच्या रकान्यात दिराचे नाव का लागले, याचे उत्तर मला त्या तक्त्याने दिले.

आता त्या पुरुषांच्या मागे मुंबईला जाऊ. ताडदेवची पहिली कापडगिरणी 1854 साली निघाली आणि पुढची सव्वाशे वर्षे कोकण, देश, घाट इथली माणसे तिथे लोटली. परळ-लालबागला गावमंडळांच्या खोल्या असत. एकाच गावचे लोक एका गाळ्यात. दिवसपाळीचा उठला की रात्रपाळीचा त्याच वळकटीवर. प्रत्येक खोलीची एक वही असे. कोण केव्हा आला, दरमहा वर्गणी किती, गावच्या देवळाला काय दिले. इतिहासाच्या साधनांत कोणी तिला धरत नाही. मला विचाराल तर गिरणगावातल्या कुटुंबांचे ते खरे बखरीचे कागद.

त्या वहीने एकदा माझी अब्रू राखली, आणि माझी चूकही दाखवली. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पुढे गिरण्यांच्या जमिनींपैकी काहींवर कामगारांसाठी घरे बांधण्याचे ठरले. 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर कामावर असलेला कामगार, किंवा त्याचा वारस, अर्ज करू शकत होता. पुरावे कसले? तिकीट, लाल पास, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, पगाराची पावती. अर्ज भरून देण्याच्या कामाला मी बसलो होतो. एका कामगाराची दोन मुले आली, बापाच्या नावाचा पास घेऊन. कागद चोख. मी अर्ज भरून दिला. दोन महिन्यांनी एक विधवा बाई गावाहून आली. पिशवीत तोच तिकीट नंबर. म्हणाली, 'दादा, ह्या तिकिटावर माझ्या मालकांनी घाम गाळला.'

मी तिला जरा फटकारलेच. तिच्या नवऱ्याचे नाव त्या नंबराला नव्हते. मी म्हणालो, 'बाई, दुसऱ्याच्या कागदावर हक्क सांगू नये.' ती भांडली नाही. पिशवी उचलून निघून गेली.

रात्री झोप लागेना. बदलीच्या पासावर पुतण्या काकाच्या नावाने कामाला लागतो, ही गोष्ट गिरणगावात जन्मलेल्या मला ठाऊक नव्हती असे थोडेच आहे? मी कागद वाचला होता. कागद कसा तयार होतो ते विसरलो होतो. मग शोध सुरू केला. त्यांच्या गावच्या मृत्यूच्या नोंदीत तो काका 1971 साली गावी वारलेला निघाला. तिकीट मात्र 1982 पर्यंत चालू. मेलेला माणूस अकरा वर्षे साचा चालवीत होता! गावमंडळाच्या वहीत त्याच अकरा वर्षांची वर्गणी पुतण्याच्या नावाने, महिन्याच्या महिन्याला भरलेली. पास एका नावाचा, घाम दुसऱ्याचा.

दोन्ही घरांना मी एकत्र बसवले आणि वही पुढे ठेवली. त्या दोन मुलांना खरोखरच ठाऊक नव्हते. बाप गेला तेव्हा ती लहान होती. चुलतभाऊ दरमहा त्यांच्या आईला पैसे पाठवी, ते बापाचे पेन्शन असेल अशी त्यांची कल्पना. थोरल्याने वही मिटली आणि म्हणाला, 'वहिनीचं घर आहे.' दोघांनी प्रतिज्ञापत्र करून दिले. कचेरीत ते कागद दाखल केले. अर्जाचा निकाल लागण्याआधी ती बाई वारली. तिच्या मुलाचा अर्ज अजून पडून आहे. गोष्टीचा शेवट गोड करून सांगावा असे मलाही वाटते, पण तसा तो नाही. मी तिला त्या दिवशी जे बोललो त्याची माफी मात्र मागून घेतली होती. तेवढेच माझ्या हाती होते.

मंडळी, या दोन्ही गोष्टींत मला एकच दिसले. वसुलीची वही लिहिणाऱ्याला एक नाव पुरते. ज्याच्याकडून वसूल करायचे तो एक माणूस सापडला की त्याचे काम भागले. घरात राबणारे हात चार असतात. उरलेले हात गळतात, आणि पुढच्या पिढीत त्या गळलेल्या नावांवरून भाऊ भावाला चोर म्हणतो. वंशावळीचे काम मोठेपणा शोधण्याचे असेल, तर ते मला नको. सरदार सापडला नाही याचे मला दुःख नाही. गळलेले नाव शोधून काढून जागच्या जागी लिहिणे, एवढ्यासाठी मात्र माझ्यासारख्याने मोडी शिकायला हरकत नाही.

आता मे महिना येईल. आपल्यापैकी पुष्कळजण गावी जाल. आंबे खाल, फणस फोडाल, देवळात जाल. एक शंभर पानी वही बरोबर न्या. पहिल्या दिवशी घरातल्या सर्वात वृद्ध बाईजवळ बसा आणि तिच्या आईचे नाव विचारा, तिच्या सासूचे माहेरचे नाव विचारा. मग तलाठ्याकडे जाऊन फेरफारांची नक्कल मागा, ग्रामपंचायतीत घरपट्टीची जुनी आकारणी पाहा, शाळेत दाखल्यांचे रजिस्टर पाहा. प्रत्येक नावापुढे साल लिहा आणि ते कुठल्या वहीत मिळाले तेही लिहा. जे ऐकीव आहे त्यापुढे 'ऐकीव' असे लिहायला लाजू नका. आणि ज्या नातेवाइकाशी बोलणे नाही, त्याच्याकडे कागद मागायला अवश्य जा. अर्धा कागद बहुधा त्याच्याचकडे असतो.

आपल्या राज्यात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचे नाव लागू लागले आहे. चांगले झाले. या मुलांच्या नातवंडांना अ. पा. क. या तीन अक्षरांत पणजी शोधावी लागणार नाही. पण मागच्या पिढ्यांतल्या आयांची नावे कोणताही हुकूम लिहून देणार नाही. ती आपणच लिहिली पाहिजेत.

माझ्या वहीत आजीचे नाव मी आता शेताच्या नंबरासमोर लिहिले आहे. सरकारी दप्तरात ते नाही. माझ्या मुलांच्या वहीत ते राहील.